भिंतीतला लूम

लूम थांबले की जिलबीला व्हायचं.

प्रितेशला, माझ्या नवऱ्याला, हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हसला. म्हणाला, "लोडशेडिंगचं टाइमटेबल लाईटवाल्यांना पाठ नाही, तुझ्या मांजरीला बरं पाठ!"

पण तो दिवसभर गोडाऊनवर असायचा आणि मी दिवसभर त्या खोलीत. बाळंतीण दुसरीकडे कुठे असणार? टेमघरचा आमचा बंगला नवा. वळ गावची जमीन गोडाऊनला गेल्यावर भाऊंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हौसेने बांधलेला. वर स्लॅब, खाली चकचकीत फरशी, सरकत्या काचांच्या खिडक्या. मागच्या बाजूला त्यांनीच भाड्याने दिलेले, कापड विणायच्या लूमचे गाळे, मधे एक अरुंद बोळ. लग्न होऊन कल्याणहून आले तेव्हा त्या खटाखटीने माझं डोकं उठायचं. मग ती ऐकूच येईनाशी झाली. ऐकू यायचं ते ती थांबल्यावर. लाईट गेली की सगळे लूम एका दमात बंद पडत, आणि अशी शांतता पसरे की बोळातून कारागीर बिडी ओढत गेला तर त्याच्या चपलांची फटफट उशाशी वाटायची.

त्या शांततेत जिलबी माझ्या बाजेखालून बाहेर यायची.

जिलबी माझ्या आईची मांजर. झोपली की वेटोळं करून शेपटीचं टोक तोंडात धरायची, म्हणून जिलबी. आई गेली आणि माझं माहेरच संपलं. त्यामुळे पहिलटकरीण असूनही माझं बाळंतपण सासरी झालं, आणि माहेरचं म्हणून जे काही होतं ते म्हणजे ही भुरी मांजर. अपूर्वा झाली तशी जिलबीने बाजेखालची जागा धरली. तिथे ऊब असायची.

तर ती बाहेर यायची. मागचे पाय एकमेकांत अडकायचे, दारू प्यायल्यासारखी लटपटत खोलीच्या मधोमध येऊन बसायची. मग मान वर करून कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या कोपऱ्याकडे बघायची. तिचे डोळे हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत, झटक्यात मागे येत, पुन्हा सरकत. भिंतीच्या कडेने कुणीतरी चालत जावं, दिसेनासं व्हावं आणि पुन्हा पहिल्यापासून चालायला लागावं, तसं. तोंडातून लाळेची तार लोंबायची. शेवटी ओकायची आणि कोपऱ्यात पडून राहायची. आणि संध्याकाळी हीच बया स्वयंपाकघरात बोंबलासाठी ओरडत फिरायची!

एकदा हे होत असताना आक्का, माझ्या सासूबाई, दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तिला दिसतंय," त्या म्हणाल्या.

"काय दिसतंय?"

"सटवाईचं जनावर हाय ते. त्याला दिसतं, आपल्याला न्हाय दिसत." एवढं बोलून त्या आत आल्या, अपूच्या पाळण्यावरचं दुपटं नीट केलं, खिडकीची काच आधीच बंद होती ती पुन्हा दाबून बघितली. फटींना त्यांनी कागद चिकटवले होते. गाळ्यांतून सुताचे बारीक तंतू उडत येतात आणि बाळाच्या छातीत जातात म्हणून, आणि बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. आणखी कशासाठी ते त्या बोलत नसत. मला माहीत होतं.

माझ्या थोरल्या जावेचा, विनितावहिनींचा मुलगा याच खोलीत गेला होता. दोन वर्षांपूर्वी, दुपारी, झोपेत. अंगावर ओरखडा नाही, ताप नाही. घरात त्याचं नावही कुणी काढत नसे. सटवाईने नेला, एवढंच मला लग्नाआधी कुणीतरी हळूच सांगितलं होतं.

वहिनी माझ्या खोलीचा उंबरा ओलांडत नसत. जेवणाचं ताट दाराशी ठेवत आणि उभ्या राहत. अपूकडे बघत नसत, त्या कोपऱ्याकडे बघत. जिलबीला मासळीची डोकी त्याच घालायच्या. माझ्या मनात नको ते यायला लागलं. मी ती डोकी उचलून हुंगून बघू लागले. आपण काय करतोय याची लाज वाटायची, तरी हुंगायची.

माझंही ठीक नव्हतं. दुपारी डोकं जड व्हायचं, कानशिलं ठणकायची. आक्का म्हणायच्या, "शेकल्यावर झोप येते ती चांगली. झोप." पण मला झोप नको असायची, कारण लूम थांबले की मला एक लूम ऐकू यायचा. एकच. सावकाश. धब्... धब्... धब्... तो गाळ्यांच्या बाजूने येत नव्हता. तो भिंतीत होता. एकदा उठून मी भिंतीला कान लावला तर आवाज बंद. कान काढला, पुन्हा सुरू. हे मी कुणालाही सांगितलं नाही. आधीच घरात मला 'फार शिकलेली, फार विचार करते' असं म्हणायचे, त्यात ही भर कशाला?

एका दुपारी जिलबी उलटी करून निपचित पडली तेव्हा मी फोन करून प्रितेशला बोलावून घेतलं. तो तिला तसाच पिशवीत घालून बाजारामागच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. आल्यावर मी त्याला समोर बसवलं.

"काय म्हणाले? शब्द न् शब्द सांग."

"अगं, ते मुळात म्हशींचे डॉक्टर. तबेल्याची माणसं रांगेत आणि मी एकटा मांजर घेऊन, सगळे हसत होते. तोंड उघडून बघितलं. म्हणाले, हिरड्या बघा काय लाल आहेत, एकदम कुंकू. रक्तात काही खोट नाही. म्हणजे दुखणं मेंदूत गेलंय."

"मेंदूत म्हणजे?"

त्याने आवाज खाली आणला. "पिसाळण्याची सुरुवात असू शकते म्हणाले. घरात तान्हं मूल असेल तर ठेवू नका."

संध्याकाळी चहाला भाऊंनी निकाल दिला. "गोणीत घालू आनि वळला गोडाऊनवर सोडू. तिथं उंदीर हायत मोप. जगली तर जगली."

"भाऊ, मला कल्याणच्या डॉक्टरांना दाखवायचंय," मी म्हटलं. "आईच्या वेळेपासून त्या हिला ओळखतात."

"एका डॉक्टरनं सांगितलं ना? मांजरीला दोन-दोन डॉक्टर! मला हर्निया झाला तवा एकच होता."

प्रितेश हसला. मला हसू येत नव्हतं.

"ती अपूच्या पाळण्याशेजारी, माझ्या बाजेखाली झोपते," मी म्हटलं. "टाकून दिली तर तिला काय झालं होतं ते कधीच कळणार नाही. तेच अपूला झालं तर?"

"म्हनून तर टाकायची ना गो!" भाऊ म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी अपूला न्हाऊमाखू घालून, शेकून आक्कांनी माझ्या मांडीवर दिली आणि बाहेर जाताना दार ओढून घेतलं. थंडीचे दिवस, खोलीत ओव्याचा वास, अंगाला छान ऊब. अपू जागी होती. लूम थांबले. बाजेखालून जिलबी आली, बसली, मान वर केली. डोळे सरकायला लागले.

मी सहज अपूकडे बघितलं. तिचेही डोळे सरकत होते. हळूहळू उजवीकडे, झटक्यात मागे. पुन्हा हळूहळू उजवीकडे.

दोघी एकाच गोष्टीकडे बघत होत्या.

मीही बघितलं त्या कोपऱ्यात. काही नव्हतं. पण तिथली सावली बाकीच्या खोलीपेक्षा दाट वाटत होती, कुणीतरी पाठमोरं उभं असावं इतकी. भिंतीतला लूम चालू होता. मी अपूला छातीशी धरून कशीबशी बाहेर हॉलमध्ये आले, आणि समोर विनितावहिनी उभ्या.

त्यांनी मला काही विचारलं नाही. म्हणाल्या, "लूम थांबले की ती येते, सटवाई. माझ्या वेळीही थांबलेलेच होते." आणि मग माझ्या अगदी जवळ येऊन, "भिंतीत एक चालू असतो. तू ऐकलास?"

मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी अपूला बाळाच्या डॉक्टरांकडे नेलं. तोवर तिचे डोळे स्थिर झाले होते. बॅटरी फिरवून बघितलं, वजन केलं. "गुटगुटीत आहे. पहिल्या खेपेला आया फार विचार करतात," ते म्हणाले. माझ्या पोरीला जे होत होतं ते त्यांच्या टेबलावर होत नव्हतं. आता उरली एकटी जिलबी. तिला काय झालंय ते कळलं तरच अपूला काय होऊ घातलंय ते कळणार होतं. आणि भाऊंची गोणी रविवारी वळला जायची होती.

शनिवारी सकाळीच मी निघाले. अपूला न्यायला आक्कांनी साफ नकार दिला. "एवढ्याशा पोरीला असल्या थंडीत खाडी ओलांडून नेतेस? आनि पिसाळलेल्या मांजरीबरोबर, एका रिक्षात?" खरं तर तेही बरोबर होतं.

"मी येईपर्यंत तिला त्या खोलीत नेऊ नका," मी म्हटलं. "आंघोळही नको. हॉलमध्येच झोपवा."

"बरं गो बाय. तू ये जाऊन."

शेजारचा दौलत रिक्षा घेऊन आला. भाजीच्या टोपलीत जिलबी, वर माझी ओढणी गच्च बांधलेली. कोनगावपर्यंत दौलत आरशातून टोपलीकडे बघत होता. "चावनार न्हाय ना, वहिनी?" दुर्गाडीचा पूल आला तेव्हा टोपलीतून स्वच्छ, रागीट आवाज आला, म्याँव. आजारी मांजराचा नव्हताच तो.

कल्याणला डॉक्टर सुचेतांच्या टेबलावर जिलबी सरळ चालत गेली, काठाशी थांबली आणि अंग चाटायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धडधाकट मांजर घेऊन मी तान्ह्या पोरीला सोडून इथे आले होते.

"हिला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. लटपटणं, डोळे, लाळ, उलटी, संध्याकाळचे बोंबील. पहिले डॉक्टर काय म्हणाले तेही. त्या ऐकत जिलबीचं तोंड उघडून बघत होत्या.

"पिसाळलेलं मांजर संध्याकाळी बोंबील मागत नाही, मृणाली. त्याच्या घशाखाली पाणी उतरत नाही." मग थांबल्या. "हिरड्या लाल म्हणाले ते?"

"कुंकवासारख्या."

"आत्ता बघ." मी वाकून बघितलं. फिकट गुलाबी. "ते खोटं कशाला बोलतील? त्यांनी उलटी झाल्या झाल्या बघितलं आणि मी आता बघतेय. दोघांनी खरंच बघितलं." त्यांनी चष्मा काढला. "रोग असा येत-जात नाही. हिला घरात होतं आणि बाहेर काढलं की उतरतं. कधी होतं म्हणालीस?"

"लूम थांबले की." मला ते बोलतानाही वेडगळ वाटलं.

त्या हसल्या नाहीत. "लूम थांबतात म्हणजे लाईट जाते. लाईट गेली की तुझ्या खोलीत काय बंद पडतं?"

"काहीच नाही. थंडीत पंखा लावतच नाही. ट्यूब. आणि न्हाणीघरातला तो, हवा बाहेर टाकायचा पंखा. तो दिवसभर चालू असतो."

"आणि मांजर कुठे असतं?"

"बाजेखाली. शेगडीपाशी."

"पेटलेली?"

"धूर नाही होत हो. नुसते निखारे. शेक देतात ना, ओवा टाकून. मग ऊब राहावी म्हणून शेगडी तशीच बाजेखाली..."

"खिडक्या?"

"बंद. फटींना कागद लावलेत." माझा आवाज मलाच लांबून ऐकू येत होता.

"निखाऱ्यांच्या विषारी हवेला वास नसतो, मृणाली. पंखा चालू असतो तोवर ती बाहेर जाते, तो थांबला की खोलीत साठते. ती रक्तात गेली की हिरड्या, गाल लालबुंद होतात. माणूस तब्येतीने चांगला दिसतो." त्यांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला. "बाळापाशी कोण आहे?"

घरचा नंबर मी दोनदा चुकीचा लावला. तिसऱ्यांदा घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि फोन विनितावहिनींनी उचलला.

"वहिनी, अपू कुठे आहे?"

"खोलीत. आक्कांनी मघाशी न्हाऊ घातलं. पाणी तापलं होतं, म्हणाल्या. शेकतायत."

"दार उघडा. खोलीचं दार उघडा, खिडक्या उघडा, तिला बाहेर काढा."

"आतून कडी आहे. वारा लागेल म्हणून त्या..." वहिनी बोलता बोलता थांबल्या. आणि मला कळलं की फोनमध्ये मागे काही वाजत नाहीये. आमच्या घरातून फोन केला की पलीकडच्याला आधी लूम ऐकू येतात, मग आपण. आता फक्त वहिनींचा श्वास येत होता.

"लूम?" मी विचारलं.

"थांबले. मघाशीच." मग अगदी हळू, "ती आलीय का गं?"

हिच्या हातची मासळी मी हुंगून बघत होते, आणि आता माझ्या पोरीजवळ हीच एक होती. उंबरा न ओलांडणारी.

"कुणी आलेलं नाही, वहिनी. शेगडीची हवा आहे. तुमच्या बाळालाही तीच... तुम्ही आत जा. मागून काच फोडा, पण आत जा."

फोन ठेवल्याचा आवाज आला नाही. रिसीव्हर नुसता टेबलावर आपटला. पावलं, धावती. दारावर धक्के. "आक्का! आक्का!" उत्तर नाही. पुन्हा पावलं, लांब जाणारी, मग काहीच नाही. त्या काहीच नाहीमध्ये मला तो ऐकू आला. धब्... धब्... धब्... कल्याणला, डॉक्टरांच्या खोलीत, माझ्या स्वतःच्या कानात.

मग काच फुटली. एकदा, पुन्हा, खळकन सगळीच. कुणीतरी खोकत होतं. आणि बऱ्याच वेळाने, तारेसारखं बारीक, अपूचं रडणं.

दौलतने रिक्षा कशी आणली मला आठवत नाही. अंगणात विनितावहिनी बसल्या होत्या, पदरात अपू. त्यांच्या दोन्ही हातांना टॉवेल गुंडाळलेले, त्यातून रक्त झिरपत होतं, तरी त्या पोरीला कुणाकडे देत नव्हत्या. आक्का पायरीवर डोकं धरून, बाजूला उलटी. अपूचे गाल लाल, नवसाच्या बाहुलीसारखे.

"मी म्हटलं शेक लागला," आक्का पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "गाल किती लाल झाले, म्हटलं पोर शेकली बरी. मग मला बी झोप आली..."

आम्ही अपूला आणि आक्कांना दवाखान्यात नेलं. नाकाशी ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दोघी घरी आल्या. भाऊ खोलीत जाऊन फुटलेल्या खिडकीपाशी उभे राहिले आणि वर स्लॅबकडे बघत राहिले.

"अंजूरच्या जुन्या घरात आमची सगळी पोरं हीच शेगडी घेऊन झाली," ते म्हणाले. "हीच बाज. तिथं कौलं होती."

आक्कांनी शेगडी उचलली, मागच्या बोळात नेली आणि पालथी घातली. गोणीचं नाव पुन्हा निघालं नाही. जिलबी आता हॉलमध्ये अपूच्या पाळण्याखाली झोपते, शेपटीचं टोक तोंडात धरून. लूम चालोत नाहीतर थांबोत.

खिडकीला नवी काच बसवायची राहिलीच आहे. परवा दुपारी लाईट गेली, लूम थांबले, आणि खोलीत पावलं वाजली म्हणून मी जाऊन बघितलं. विनितावहिनी आत होत्या. त्या कोपऱ्यात, कपाट आणि खिडकी यांच्या मधे, पाठमोऱ्या. हातांची पट्टी अजून सुटलेली नव्हती.

"ऐकू येतंय तुला?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

मी कान दिला. बोळातून कुणीतरी चपला ओढत गेलं.

"नाही."

"मलाही नाही." त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला. "मग माझं बाळ गेलं त्या दिवशीही कुणी आलं नव्हतं. मी भिऊन उंबऱ्याबाहेरच थांबले. मी आत आले असते तर..."

त्यांनी भिंतीला कान लावला आणि डोळे मिटले. लाईट आली, पलीकडे सगळे लूम एका दमात सुरू झाले, खिडकीची चौकट थरथरायला लागली. त्यांनी कान काढला नाही.